दुसरी घागर

१४ जुलै १९९२, जळगाव

दोन वह्या! एक त्यांची, एक माझी. त्यांच्या वहीत मी धीट. या वहीत जशी आहे तशी.

त्यांची म्हणजे हिलालभाऊंची. आज धुळ्याहून आले होते. बेचाळीसच्या चळवळीला पन्नास वर्षं होतायत, नऊ ऑगस्टला धुळ्यात सत्कार आहे, स्मरणिका निघणार आहे. "अक्का, तुमची मिरच्यांची गोष्ट तुमच्याच शब्दांत पाहिजे." दोन कप चहा प्यायले. तिसऱ्याला नको नको म्हणत कप पुढे केला.

मला अक्षर येत नाही, म्हणून सुनंदा लिहिते. सुनंदा माझी सून. ब्लाउज शिवते, अक्षरही टाक्यासारखं सरळ आहे म्हणतात. मला काय कळतंय! पण सरळ दिसतं खरं.

भाऊ गेल्यावर तिला म्हटलं, आता दुसरी वही काढ. म्हणाली, हिच्यात काय? म्हटलं, हिच्यात खरं. ती हसली. लिही — हसली म्हणून.

१५ जुलै

मी अहिराणीत बोलणार, ही पुस्तकी करून लिहिणार. चालेल. पण कमी करायचं नाही. काल मी एवढं बोलले आणि ओळी एवढ्याशा? बोटाने मोजल्या मी! म्हणाली, अक्का, बोलणं पसरतं, लिहिणं आळतं. बरं बाई, आळू दे. जळू देऊ नको.

अभिमनला दाखवायची नाही. माझा मुलगा असला, तुझा नवरा असला तरी. वही पापडाच्या डब्यात ठेवायची. अभिमनने जन्मात कच्च्या पापडाच्या डब्याला हात लावलेला नाही.

१७ जुलै

गावात सांगतात ती गोष्ट आधी. तीच हिलालभाऊंच्या वहीत गेली.

पांझरेकाठचं आमचं गाव. माझे वडील निंबा पाटील. सारं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही. बेचाळीस साल, तिकडे युद्ध चाललेलं, इकडे इंग्रजांचे पोलीस गावोगाव माणसं उचलत होते. तारा तोडणाऱ्यांतले भाईदास गुरुजी आमच्या घरी लपले. दिवाळीच्या आधी फौजदार आला. आबांना शिपायांबरोबर कचेरीत पाठवून दिलं आणि स्वतः आमच्या अंगणात खाट टाकून बसला. पोरगी एकटी आहे, बोलेल! मी अकरा वर्षांची. आई केव्हाच गेलेली. "कोण येतं गं तुमच्याकडे?" — "कोणी नाही." आणि मी काय केलं? मुसळ घेतलं आणि उखळात मिरच्या कुटायला लागले. लाल, कोरड्या! फौजदार शिंकून शिंकून बेजार. नाकाला रुमाल लावून संध्याकाळी निघून गेला. आणि गुरुजी त्याच रात्री सातपुड्याकडे पसार.

लोक पन्नास वर्षं हसतायत. माझ्या लग्नात नवरदेवाकडच्यांनाही सांगितलं होतं — पोरगी सांभाळून हो, मिरच्या कुटते!

सगळं खरं आहे यातलं. गुरुजींचं, गोष्टीतलं शेवटचं वाक्य सोडून.

२० जुलै

आबा फार बोलायचे नाहीत. जे बोलायचे ते खुंटीला टांगल्यासारखं राहायचं, येता-जाता डोक्याला लागायचं.

एक पेवाचं. अंगणात निंबाच्या झाडाखाली आमचं पेव होतं. सुनंदाने पेव पाहिलंच नाही, म्हणून सांगते. जमिनीत धान्याचा खड्डा. तोंड लहान, पोट मोठं, आत माणूस उभा राहील एवढं. ज्वारी भरायची, तोंडावर दगड, दगडावर माती, मातीवर शेणाचा सारवा. उघडलं की लगेच उतरायचं नाही. आतली हवा मेलेली असते. दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तेवला तर उतर. विझला तर थांब. "आधी दिवा, मग माणूस." मी चार वर्षांची होते तेव्हापासून पाठ.

दुसरं तोंडाचं. मी आठ वर्षांची असेन. भागाबाई आत्या नवऱ्याच्या माराला कंटाळून आमच्याकडे येऊन लपली. आणि मी विहिरीवर जाऊन सांगितलं — "आमची आत्या आली! माळ्यावर झोपते!" दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आला आणि तिला केसाला धरून घेऊन गेला. आबांनी मला मारलं नाही. तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या ताटात भाकर टाकली आणि म्हणाले, "भिकू, घरात आलेला माणूस आपल्या तोंडातून बाहेर जात नाही."

मारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी वाटच पाहत होते. पुन्हा कोणी लपायला येऊ दे. आबांना दाखवते!

२१ जुलै

सुनंदा म्हणते, आबा फार मोठा माणूस. हो. बहात्तर साली सरकार ताम्रपट द्यायला निघालं, तर आबा सत्काराच्या दिवशी शेतात जाऊन बसले. मी काय केलं, म्हणाले. लोकांना वाटलं, केवढी नम्रता.

मोठ्या माणसाची पोरगी होणं म्हणजे उंच फळीवरचा डबा काढणं. टाचा दुखतात.

२३ जुलै

भाईदास गुरुजी नऊ दिवस आमच्या घरी होते. बारीक, काळेसावळे, डोळे सारखे हसरे. कळण्याची भाकर ठेच्याबरोबर खायचे आणि म्हणायचे, "भिकू, तू मला पोलिसांच्या हाती देणार नाहीस, पण हा ठेचा मारणार!" लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. बायको यशोदाबाई धुळ्याला. तिला निरोप द्यायची सोय नव्हती.

दुपारी ते मला चुलीची राख पाटावर पसरून अक्षरं शिकवायचे. पहिलं भ. भिकूचा. मग क, मग त. नऊ दिवसांत तीन अक्षरं झाली.

नंतर आबा म्हणाले, शाळेत घालतो. मी गेले नाही. डोळे दुखतात म्हटलं. सुनंदालाही हेच सांगत आले इतकी वर्षं. काही दुखत नव्हतं. राख बघवत नव्हती.

२६ जुलै

आज नाही. गुडघे.

२७ जुलै

आजही नाही. सुनंदा म्हणते, गुडघ्यांचं नाव कशाला घेता. फार शहाणी झालीय.

३० जुलै

लिही. मध्ये थांबवायचं नाही.

गुरुजी पेवात होते. पेव तेव्हा रिकामं, भिंतींना जुनी ज्वारी चिकटलेली, पावसाची ओल. पोलीस यायचे, अर्धा तास उचकापाचक करायचे, जायचे. तेवढाच वेळ गुरुजी आत. ते गेले की आबा दगड काढायचे. त्या दिवशी आबांनाच नेलं. आणि फौजदाराने खाट टाकली ती निंबाच्या सावलीत. म्हणजे पेवावर. बरोब्बर वर.

सकाळची भाकर झाली होती तेव्हापासून ऊन कलेपर्यंत तो तिथे बसला.

मला माहीत होतं. बंद पेवात काय होतं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला माहीत असतं. एक पाठ होतं ते म्हणत होतं, सांग, दगड काढा म्हण. दुसरं पाठ होतं ते म्हणत होतं, तोंड बंद. दोन्ही आबांचीच.

फौजदाराने मला लिमलेटची गोळी दिली. मी "कोणी नाही" म्हटलं तर हसला. "बापाची पोर आहेस!" म्हणाला. सुनंदा, मला इतका आनंद झाला! लिही. तेच लिही. शत्रूने सर्टिफिकेट दिलं! आबा परत आले की सांगेन, माझ्या तोंडात तीळ भिजला म्हणून.

दुपारी तो आडवा झाला. आणि खालून आवाज आला. ठक. ठक ठक. दगडावर काही आपटावं तसा, बारीक. फौजदाराने डोळे उघडले. "काय गं ते?"

मी मुसळ उचललं.

शिंकवायला नाही कुटल्या मी मिरच्या. शिंका त्याच्या नशिबाने आल्या. मी ते ठोकणं बुडवायला कुटल्या. खालून ठक झालं की वरून धप्प. डोळ्यांतून पाणी, हाताची आग, पण थांबले नाही. मग खालचं थांबलं. मला वाटलं, कळलं गुरुजींना! शहाणे झाले, गप्प बसले! मनातल्या मनात शाबास म्हटलं त्यांना.

फौजदार गेला तरी मी दगडाला हात लावला नाही. शिपाई वळून येतील म्हणून. शिवाय तो दगड मला हलणारा नव्हता. शिवाय — नको. कारणं पुष्कळ आहेत.

दिवेलागणीला आबा आले. पाठ फुटलेली, पाय ओढत. माझ्याकडे पाहिलंही नाही. दगड सरकवला, कंदील सोडला. विझला. वर घेतला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला. आबांनी तिसऱ्यांदा काडी ओढली, पण कंदिलाला लावली नाही, हातातच विझू दिली.

"आत जा, भिकू."

सकाळी म्हणाले, "गुरुजी पळाले रात्री. तू झोपली होतीस." मी म्हटलं, बरं. मी कुठे झोपले होते! त्या दिवशी आबा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले आणि ते मी त्यांना पचू दिलं. त्यांनी पेव मातीने भरलं. एकट्याने, तशा पाठीने. गुरुजींना बाहेर काढलं नाही. काढून न्यायचं कुठे? गावात पोलीस.

मी बोलले असते तर? गुरुजींना मार पडला असता. तुरुंग झाला असता. आणि सत्तेचाळीसला हार गळ्यात घालून, बारीक झालेले, हसत, धुळ्याच्या घरी आले असते.

धीर होता तो, की बापाला दाखवायचं होतं? पन्नास वर्षं तोलते आहे. काटा कधी या बाजूला, कधी त्या.

सुनंदा रडते आहे. डोळे पूस बाई, शाई पसरेल.

३१ जुलै

सुनंदाने आज न विचारता भाजीत मीठ कमी टाकलं आणि मी न बोलता खाल्लं. दोघी घाबरलोय एकमेकींना.

२ ऑगस्ट

यशोदाबाईंचं राहिलं. तेच खरं ओझं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. पाण्याने भरलेली कोरी घागर, वर खरबूज, सांजोरी. चुलीत आगारी टाकायची, म्हणजे नैवेद्याचा घास विस्तवाला द्यायचा, आणि नाव घ्यायचं. आमच्याकडे एकच घागर असायची, आईची. त्रेचाळीसच्या आखाजीला आबांनी दोन मांडल्या. दुसरी निंबाखाली. मी विचारलं, ही कोणाची? "एका पाहुण्याची." आगारी टाकली, नाव घेतलं नाही.

आणि त्याच वर्षापासून आबा मुऱ्हाळी होऊन धुळ्याला जायला लागले. सासरच्या लेकीला आखाजीला माहेरी आणायला जातो तो मुऱ्हाळी. भाऊ जातो नाहीतर बाप. यशोदाबाईला ना भाऊ ना बाप, म्हणून आबा. बैलगाडी नेऊन तिला आणायचे, साडीचोळी करायचे. आणि ती यायची — कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या! नवरा परागंदा आहे, पण आहे. कोणी म्हणायचं, नाशिकला साधूंत दिसला. कोणी म्हणायचं, नर्मदेवर. ही ऐकून घ्यायची.

आणि घागरी कोण भरायचं? तीच! "मी भरते, आबा," म्हणायची, विहिरीवरून पाणी आणायची, आईची भरायची, मग निंबाखालची. स्वतःच्या नवऱ्याची घागर बाई कुंकू लावून भरतेय, आणि मी अंगणात उभी! चुलीपाशी पळायचे, धूर लागला म्हणून डोळे पुसायचे. एकतीस आखाजी. लग्न झाल्यावर मीही माहेरी यायचे ना. सुटका नव्हती.

चौऱ्याहत्तरला आबा गेले. मी गावचं घर बंद केलं. यशोदाबाईला आणायला कोणाला पाठवलं नाही. अठरा वर्षं. जळगाव ते धुळे दोन-अडीच तासांची एसटी, आणि मी अठरा वर्षं गेले नाही.

नऊ तारखेला ती येणार आहे म्हणे. तिचाही सत्कार आहे.

९ ऑगस्ट

शाल, श्रीफळ. शाल तपकिरी, काठाला हिरवी नक्षी. टोचते.

हिलालभाऊंनी माइकवर मिरच्यांची गोष्ट सांगितली. चांगली सांगतात हो, शिंकून दाखवतात! सारा हॉल हसला. यशोदाबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर. केस कापसासारखे झालेत, कुंकू तेच, रुपयाएवढं. ती हसली नाही. तिने माझा हात धरला आणि गोष्ट संपेपर्यंत सोडला नाही. मग म्हणाली, "आबा गेले आणि आखाजी गेली गं, भिकू."

बायका तिला हळदकुंकू लावायला आल्या, तिच्या कपाळाकडून माझ्या कपाळावर बोट आलं आणि थांबलं. विधवेला कसं लावणार! मी मनात म्हटलं, बायांनो, तुम्हाला काय ठाऊक.

माझ्या तोंडाशी आलं होतं. सांगून टाकते, इथेच. नाही सांगितलं. घरात आलेला माणूस तोंडातून बाहेर जात नाही. पाहा आबा, अजून नाही गेला.

११ ऑगस्ट

शाल पेटीत टाकली. सुनंदा म्हणाली, भिंतीवर फोटो लावू? म्हटलं, माझा लावशील तेव्हा हार घालूनच लाव, त्याआधी नको.

१६ सप्टेंबर

हिला म्हटलं, आजवर तू लिहिलंस ते वाच. वाचलं. ऐकताना एक लक्षात आलं. पानापानावर मी, मी, मी. माझा धीर, माझी चूक, माझे आबा. आणि ती बाई पन्नास वर्षं दाराकडे बघत बसलीय! मला माझं पाप जपायचं म्हणून तिची वाट संपू देत नाही मी.

आबांनी शिकवलं ते आबांच्या घरापुरतं होतं. तिचा माणूस तिला परत द्यायला पाहिजे. मेलेला तर मेलेला.

२० सप्टेंबर

धुळ्याला जाऊन आले. सुनंदा बरोबर. पितरपाट, पितरांचा पंधरवडा चालू आहे, एसटी रिकामी.

यशोदाबाईची एकच खोली, स्वच्छ. सुपात तूर निवडत बसली होती. मी सुनंदाला बाहेर ओट्यावर बसवलं, आणि सांगितलं. सगळं. खाट, गोळी, ठोकणं, मुसळ. कंदील दोनदा विझला ते. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही, सुपाकडे बघितलं. ठोकण्यापर्यंत आले तेव्हा तिचे हात थांबले. मग पुन्हा निवडायला लागली.

वाटलं, मारेल. वाटलं, कुंकू पुसेल. रडेल तरी! तर ती काय विचारते?

"तुले त्या दिन कोनी काही खावाले दिधं का?"

मी तिला तिच्या नवऱ्याचं मरण सांगतेय आणि ही विचारते, तू जेवली होतीस का! मी म्हटलं, लिमलेटची गोळी खाल्ली. तेव्हा मात्र तिने पदर तोंडाला लावला.

चहा केला. साखर जास्त. निघताना दारात म्हणाली, "आखाजीला मुऱ्हाळी धाड."

बस. एवढंच. अडीच तास एसटीत मी याचाच अर्थ लावत आले. सुनंदा म्हणते, झोपा अक्का.

८ ऑक्टोबर

तिचं काही पत्र नाही. तिला लिहिता येतं. मलाच वाचता येत नाही, पण सुनंदा आहे ना!

३ नोव्हेंबर

नाही आलं.

१४ जानेवारी १९९३

संक्रांत. तिळगूळ घेऊन अभिमन धुळ्याला गेला होता. विचारलं, कपाळावर कुंकू होतं का रे तिच्या? म्हणाला, असेल, मी कुठे बघत बसू बायकांची कपाळं! याला काही विचारायची सोय नाही.

२ एप्रिल

सुनंदाला म्हटलं, मला भ काढून दाखव. तिने काढला. अजून ओळखू आला.

आखाजी, १९९३. गावचं घर

अभिमनला मुऱ्हाळी पाठवलं, यशोदाबाई आली. कुंकू तसंच! आईची आणि आबांची घागर घरात, गुरुजींची निंबाखाली. तिने स्वतः पाणी आणून भरली, आगारी टाकली आणि नाव घेतलं. भाईदास. मोठ्याने. मग माझ्याकडे वळली. "बठ्ठं, सगळं माहीत व्हतं माले. आबा दहाव्या दिवशीच येऊन सांगी गयथात. म्हणाले, तू कुंकू पुसलंस तर लोक विचारतील कधी मेला, कुठे मेला. मग पोरीला कळेल तिच्या गप्प बसण्याने काय झालं. अकरा वर्षांची आहे, जगणार नाही. शब्द दिला मी. आबांना दिलेला, आबांच्याच अंगणात सोडायचा होता, म्हणून धुळ्यात बोलले नाही." घागर नीट टेकवत म्हणाली, "मिरच्या कशासाठी कुटल्यास, तेवढं माहीत नव्हतं."

मी आत गेले. पेटीतली शाल काढून आणली आणि तिच्या खांद्यांवर घातली. बाहेर ऊन असं की निंबाची सावलीही तापलेली.

"वैशाखात शाल, भिकू? वेडी का तू?" म्हणाली.

पण काढली नाही.